डागांची वही

४ मार्च, मंगळवार

मुंगीने आज तीन बिस्किटं खाल्ली! मागच्या मंगळवारी एकच घेतलं होतं, तेही खाल्लं नाही — बोटांनी चुरलं आणि चुरा बशीच्या काठावर ओळीने मांडत बसली. तेव्हापासून मी मनात तिला मुंगी म्हणते. खरं नाव केंद्राबाहेर न्यायचं नाही, कागदावर तर नाहीच. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंची ताकीद आहे.

खिडकीपाशी बसलो, शेजारीशेजारी. समोरासमोर नाही बसायचं, समोर बसलं की माणसाला उलटतपासणी वाटते. आणि 'काय झालं?' असं कधी म्हणजे कधी विचारायचं नाही. 'काय हवंय?' एवढंच. ज्या बायकामुलींवर जबरदस्ती झालेली असते त्यांना आधीच शंभर जणांनी 'काय झालं' विचारलेलं असतं म्हणे. मला हे काम जमतं ते त्यामुळेच. बोलायचं कमी, बसायचं जास्त. तंद्री लावून बसायला मला कोणी शिकवायला नको!

पडदा वाऱ्याने आत येत होता, बाहेर जात होता. ऊन जमिनीवरून हळूहळू मुंगीच्या बुटांपर्यंत आलं. मी कुठे पोचले होते कोण जाणे. मुंगी म्हणाली, "झोपलात का?" मी म्हटलं, "नाही गं, जरा लांब गेले होते." हसली. समोरचे दात मोठे आहेत तिचे. हसताना फार गोड दिसते.

जाताना तिने एक कागदी पिशवी दिली, तोंड तीनदा दुमडलेलं. "त्या दिवशीचा स्वेटर आहे. घरी ठेवायची भीती वाटते. तक्रार करायची की नाही, ते अजून ठरत नाहीये. तोवर इथे राहू दे?" मी म्हटलं, राहू दे की. दोन्ही हातांनी घेतली. इतकी हलकी! खुर्चीवर ठेवली आणि तिला दारापर्यंत सोडायला गेले. तिच्या मागे रस्ता कसा उन्हात तरंगत होता. बघत राहिले.

५ मार्च, बुधवार

चहाच्या वेळेला एक पांढऱ्या शर्टवाला तावातावाने दुकानात. "ही शाई तुमच्या लाँड्रीत लागली! भरून द्या!" ह्यांनी काही न बोलता डागांची वही काढली. सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत आहे आमच्याकडे — कपडा हातात आला की आधी उजेडात धरायचा, डाग, भोक, उसवलेलं, काय असेल ते लिहायचं, मगच पाण्यात. 'शर्ट पांढरा. खिशाखाली शाई, बोटभर.' माझंच अक्षर. शर्टवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

हे म्हणाले, "बघा, स्वारी भानावर नसली तरी तिचा हात असतो!" मला तर तो माणूस आठवतही नव्हता. शाई आठवत होती. माणसं विसरते मी, डाग नाही.

६ मार्च, गुरुवार

आजची दुपार माझी होती. शटर अर्धं खाली, हे आत झोपलेले, आणि केंद्राचे कपडे. दवाखान्यात त्या बायकांचे कपडे ठेवून घेतात ना तपासणीसाठी. मग घरी जायचं काय घालून? म्हणून केंद्रात एक कपाट आहे, लोक जुने कपडे आणून देतात, मी मंगळवारी ते उचलून आणते, गुरुवारी धुते, शुक्रवारी पोचवते. असे धुवायचे की आधीच्या माणसाचा वासही राहता कामा नये. नवीन अंगाला नवीन वाटलं पाहिजे.

वाफेत खोली दिसेनाशी होते तेव्हा मला फार आवडतं. हात पाण्यात आणि मी कुठेच नाही. अकरा नग झाले. एक करडा स्वेटर होता, त्याचे तर फारच हाल झालेले. ग्रीस काही केल्या हलेना. पावडर लावून ठेवला, मग पुन्हा, मग पुन्हा. शेवटी निघालं! काखेत उसवला होता, तिथे टाके घातले. इस्त्री करून घडी घातली तर काय सुंदर दिसायला लागला! उद्या कुणाच्या तरी अंगात जाईल म्हणून मीच खूश.

७ मार्च, शुक्रवार

मुंगीचा होता तो.

८ मार्च, शनिवार

काल लिहवेना. आज लिहिते.

केंद्राच्या कपाटाचा वरचा कप्पा कुलपाचा, त्यात पोलिसांकडे जायच्या गोष्टी. खाली खुर्चीवर आणि जमिनीवर लोकांच्या दानाच्या पिशव्या. सगळ्या कागदीच! मंगळवारी मुंगीला सोडून आत आले आणि खुर्चीवरचं, जमिनीवरचं, सगळं एकत्र उचललं. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात होती. गळ्यात!! काल मोठ्या बाईंनी घडी उलगडून विचारलं, "हा कुठून आला? असाच त्या दिवशी अंगावर होता, असं मुंगीने मला सांगितलं होतं."

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तिला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही. आणि तोवर कुणासोबत बसायचं नाही," म्हणाल्या. मान हलवली.

केंद्राच्या शिकवणीच्या पहिल्याच दिवशी पहिलंच वाक्य होतं: त्या वेळी अंगावर असलेले कपडे धुवायचे नाहीत. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी नाही लिहिलं. माझा हात थांबला होता. मला निळा झगा दिसत होता.

मी अकरा वर्षांची, ताई सतरा. दुपारची ती बाहेरून आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आईने तिला मोरीत नेलं. मग एक बादली माझ्यासमोर ठेवली. आत ताईचा निळा झगा. "घास. दिसता कामा नये." मी घासला. बोटांची सालं निघाली. आई म्हणाली, "शहाणी गं माझी बाळ." त्या दिवसाइतकं कौतुक आईने माझं पुन्हा कधी केलं नाही.

नंतर एकदा विचारलं, आई, ताईच्या झग्याला काय लागलं होतं? आई भाजी चिरत होती. वरही पाहिलं नाही. "कुठला झगा? स्वप्न पडलं असेल तुला." मला स्वप्नं पडतातच. सगळ्यांना माहीत होतं, ही पोर ढगात असते. मग मलाही वाटायला लागलं की पडलंच असेल. पण शिकवणीच्या दिवशी वाटलं, नाही. आणि आज पुन्हा कळत नाहीये.

९ मार्च, रविवार

ताई आली. आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा. "ही कढई कुणी घासली? का घासलीच नाही?" एकसष्ट वर्षांची झाली, आवाज अजून चौकातल्या पोलिसासारखा. ह्यांना म्हणाली, "मीठ कमी खा हो, नाहीतर ही तंद्रीत राहील आणि तुम्ही जाल वर." हे हसून हसून बेजार.

ती वाटाणे सोलत असताना मी हळूच म्हटलं, "ताई, तुझा एक निळा झगा होता ना गं?" तिचा हात थांबला नाही. एक शेंग, दोन शेंगा. "माझ्याकडे निळं कधी नव्हतंच. मला निळं आवडत नाही. स्वप्न पडलं असेल तुला."

आईचंच वाक्य. शब्दही तेच.

११ मार्च, मंगळवार

सांगितलं.

शेजारी बसून सांगायचं ठरवलं होतं, पण मुंगी समोरच बसली. स्वेटर मांडीवर घेतला. बाह्यांवरून हात फिरवला, नाकाशी नेला. मग म्हणाली, "इस्त्रीपण केलीत?"

मी हो म्हटलं.

"दोन महिने ह्याच्याकडे बघत होते मी. रोज ठरवायचे, उद्या जाईन पोलिसांकडे. आता ठरवायचंच काही उरलं नाही ना. तो म्हणेल, ही खोटं बोलतेय. आणि माझ्याकडे दाखवायला काय? स्वच्छ स्वेटर."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत, ठाऊक आहे मला. पण मला आता तुमच्याकडे बघवत नाही." स्वेटर घेऊन गेली. बिस्किटांना हातही लावला नाही.

लाज वाटते. नुसती लाज. दुसरा शब्द नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मुंगी आली नाही. मला कपाट आवरायला दिलं. आवरलं.

१५ मार्च

स्वप्न. लांबच लांब दोरी, पार डोंगरापर्यंत. सगळे कपडे पांढरे, आणि मी चिमटे काढत पळतेय, कुठलातरी एक सापडला पाहिजे म्हणून. हाताला लागेल तो पांढराच. एवढे कपडे धुतले मी जन्मभर! ह्यांनी हलवलं, "अगं, रडतेस काय झोपेत?" म्हटलं, काही नाही, कपडे वाळत नाहीयेत.

१८ मार्च, मंगळवार

नाही आली.

२१ मार्च, शुक्रवार

नाही. केंद्र सोडावं का? मोठ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, "सोडा की. पण मग तुम्हाला बरं वाटावं म्हणून सोडाल. तिला त्याचा काय उपयोग?" तोंडात मारल्यासारखं झालं. खरं होतं.

२५ मार्च, मंगळवार

केंद्रात जायला निघणार तोच दुकानाच्या काउंटरवर एक कागदी पिशवी. वर पाहिलं तर मुंगी! ह्यांना वाटलं गिऱ्हाईक. "बोला, कधी हवंय?" ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यांच्याशी बोलायचंय."

आत स्टुलावर बसली. इस्त्रीची वाफ, चादरींचा ढीग, सगळीकडे टकामका बघत होती. "इथे धुतलात?" म्हटलं, हो, त्या हौदात.

"धुताना काय दिसलं होतं तुम्हाला?"

मी डोळे मिटले. डोळे मिटले की मला डाग नीट दिसतात. म्हटलं, पाठीवर काळं ग्रीस. आडवे पट्टे, तीन, एकाखाली एक, चार बोटांचं अंतर. शटरचं ग्रीस. आमचे हे शटरला टेकून उभे राहतात ना, दर आठवड्याला त्यांच्या सदऱ्यावर मी तेच घासते, तो वास ओळखते. डावी काख उसवलेली, ओढून उसवलेली, झिजून नाही. तिसरं बटण नव्हतं आणि त्या जागी लोकर खेचली गेलेली. उजव्या बाहीच्या काठाला रक्त, थोडं.

डोळे उघडले तर मुंगीचा चेहरा पांढराफटक.

"शटर," म्हणाली. "मी तुम्हाला शटरचं सांगितलंच नव्हतं."

नव्हतंच. मी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. मग ती बोलायला लागली. चपलांच्या दुकानात कामाला होती. मॅनेजर. मागचं गोदाम, त्याचं शटर. तो सगळ्यांना सांगत फिरतोय की ही पोरगी गोदामाकडे कधी गेलीच नाही, कामावरून काढली म्हणून सूड उगवतेय. सगळं सांगितलं तिने, एकदाही न थांबता. मी शेजारीच होते. इस्त्री बंद करायची राहिली, एक उशीचा अभ्रा जळला. जळू दे!

मग डोळे पुसून म्हणाली, "चला. हेच तिथे येऊन बोला."

२७ मार्च, गुरुवार

पोलिसांकडे. मुंगी, मोठ्या बाई, मी. हे 'सोबत म्हणून' आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. मुंगीचा जबाब आधी झाला, दोन तास. बाहेर आली तेव्हा ओठ कोरडे पडले होते, पण मान ताठ होती. मग माझी पाळी.

जबाब घेणाऱ्या बाई तरुण होत्या, चष्मा सारखा वर ढकलत होत्या. मी मुंगीला सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली, लपवून काय करू? त्या लिहायच्या थांबल्या. "आजी, हे तुम्हाला आठवतंय, की नंतर ऐकून वाटतंय?"

आठवतंय की वाटतंय? जन्मभर मला हेच विचारलंय सगळ्यांनी. मी हात मांडीवर घट्ट धरले. म्हटलं, आठवतंय.

"धुण्याआधीची काही नोंद आहे का दुकानात?" म्हटलं, गिऱ्हाइकांच्या कपड्यांची असते, दानाच्या कपड्यांची नसते. त्या "हं" म्हणाल्या. त्या 'हं'ने माझा जीव गेला.

दार उघडंच होतं. बाहेर बाकाचा आवाज झाला. हे उठून तरातरा कुठेतरी निघाले. मला वाटलं, कंटाळले.

पाऊण तासाने घामाघूम होऊन आले, काखेत डागांची वही. बाईंच्या पुढ्यात उघडून ठेवली. सहा मार्च. एक चादर, दोन पँटी, आणि त्यांच्या खाली माझं अक्षर:

'स्वेटर करडा. पाठीवर शटरचे ग्रीस, आडवे पट्टे ३. डावी काख ओढून उसवली. तिसरे बटण नाही, लोकर खेचलेली. उजव्या बाहीला काठाशी रक्त. गिऱ्हाईक —'

गिऱ्हाइकाची जागा कोरी.

हे लिहिलेलं मला अजिबात आठवत नाही. देवाशपथ! पण मुंगी म्हणाली होती ते आणि मी म्हणाले ते आणि वहीतलं ते, एकच. बाईंनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "ही वही आम्हाला जमा करून घ्यावी लागेल," म्हणाल्या. पुढे काय होईल ते त्यांनाही ठाऊक नाही, वेळ लागेल, धुतलेलं ते धुतलेलंच. पण हे लिहिलेलं कामाला येईल, एवढं बोलल्या.

बाहेर मुंगीने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा होता, माझाही.

परतताना हे म्हणाले, "मी सांगतो ना नेहमी, तुझा हात जागा असतो." मी रस्त्यातच रडायला लागले. हे गडबडले, "अगं, चेष्टा केली." चेष्टेसाठी नव्हतेच रडत. मी पाहिलं होतं. तंद्रीत असले तरी पाहिलं होतं. मग अकरा वर्षांची असतानाही पाहिलंच असेल ना?

३० मार्च, रविवार

ताईसमोर ह्यांच्या तोंडाला कुलूप राहील तर शपथ! मी डोळे वटारले म्हणून कोण, कुठली, काय झालं, ते नाही बोलले. पण 'एका मुलीचा स्वेटर' आणि 'पोलिसांनी आपली वही जमा करून घेतली' हे मीठमसाला लावून सांगितलंच. "धुतलं तरी पुसलं गेलं नाही बघा! ह्या बाईने सगळं पाहून ठेवलं होतं!"

ताई चहाचा कप हातात धरून तशीच. मग मला विचारलं, "धुवायच्या आधी पाहिलंस?"

म्हटलं, हो. मी आधी पाहतेच. लहानपणापासून.

ती उठली. "डोकं दुखतंय," म्हणाली. कढईवरून बोलली नाही, मिठावरून बोलली नाही. चष्मा टेबलावरच राहिला तिचा.

१ एप्रिल

चष्मा द्यायला फोन केला. "असू दे तिथेच. येईन मी."

मुंगी आज केंद्रात आली होती. माझ्या शेजारी बसली. दोन बिस्किटं.

३ एप्रिल, गुरुवार

भर दुपारी ताई आली. हे झोपलेले, शटर अर्धं. वाकून आत आली, समोरचं स्टूल ओढून माझ्या शेजारी आणलं आणि बसली. हौदातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "आई मला म्हणाली होती, काही झालेलं नाही, तुला स्वप्न पडलं. इतकी वर्षं मी तेच धरून बसले. निळा झगा होता का गं?"

मी नवी वही काढली. पहिलं पान. डोळे मिटले आणि तिला एकेक सांगत सांगत लिहिलं. झगा निळा. तिथून पुढे सगळं. ती मध्ये एकदाही थांब म्हणाली नाही.

लिहून झाल्यावर तिने चष्मा लावला, वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं. गिऱ्हाइकाच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.